‘आमा’चा अर्थ? आधी भाषा सांगा

अंगठीवर कोरायला, दुकानाच्या पाटीवर घालायला किंवा हातावर गोंदवायला एखादा परदेशी शब्द हवा, म्हणून बरेच ग्राहक आमच्या भाषांतर कार्यालयात येतात. शब्द एकच, मग भाषेची चौकशी कशाला, असं त्यांना वाटतं. रोमन लिपीत ए-एम-ए असा लिहिला जाणारा ‘आमा’ बघा.

बास्क भाषेत आमा म्हणजे आई. पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, स्पेन आणि फ्रान्स अशा दोन्ही बाजूंना ही भाषा बोलतात; तिचं दुसऱ्या कोणत्याही जिवंत भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. तिथे नामाला शेवटी ‘आ’ लागतो: ‘एचे’ म्हणजे घर, ‘एचेआ’ म्हणजे ते घर. आमामधला ‘आ’ मात्र मूळ शब्दाचाच आहे. आईचं घर ‘आमारेन एचेआ’.

पोर्तुगीजमध्ये खरी गंमत. ‘एला आमा’ म्हणजे ती प्रेम करते. हे क्रियापद लॅटिन ‘आमारे’वरून आलं. पण आमा हे नामही आहे: मूल सांभाळणारी बाई, दूध पाजणारी दाई, शिवाय घरची मालकीण. या नामाचा प्रेमाशी संबंध नाही. ते लहान मुलांच्या ‘अम्मा’सारख्या बोलातून आलं. बायकोच्या अंगठीवर हाच शब्द कोरणार असाल तर मालकीण हा अर्थ चालेलही म्हणा! मकाव-हाँगकाँगकडे घरकाम करणाऱ्या बाईला आमा म्हणत, ते पोर्तुगीजांमुळेच. आपली ‘आया’ही पोर्तुगीजच, पण ती ‘आइया’ या वेगळ्या शब्दावरून. त्यामुळे गोव्यातल्या जुन्या कागदात बाईच्या नावापुढे आमा दिसलं, तर ‘आई’ लिहून मोकळं होता येत नाही.

एस्परान्तो ही झामेनहोफ यांनी 1887 साली वॉर्सात प्रसिद्ध केलेली, घडवलेली भाषा. तिने ‘आम्’ हा धातू लॅटिन घराण्यातूनच उचलला. शेवटी ‘ओ’ लावला की नाम, ‘आ’ लावला की विशेषण. म्हणून ‘आमा लेतेरो’ म्हणजे प्रेमपत्र, पण नुसतं ‘आमा’ अर्धवट राहतं. प्रेम हवं असेल तर ‘आमो’ घ्या. तोच ‘आमो’ पोर्तुगीज माणूस ‘मी प्रेम करतो’ असा वाचेल, नाहीतर ‘मालक’ असा.

भाषा ठाऊक नसेल तर शब्द जिथे दिसला त्या अख्ख्या पानाचा फोटो पाठवा. कोरायचं किंवा गोंदवायचं असेल, तर कारागिराकडे जाण्याआधी आमच्याकडून स्पेलिंग लेखी घ्या.