ना पंखा, ना दोर: आर्गो फ्लोट पाण्यात थांबतो कसा?

चक्रीवादळ आलं की वाहिन्यांवर लालभडक समुद्राचा नकाशा झळकतो आणि निवेदक सांगतो, "उपग्रहानं समुद्राचं तापमान मोजलं." उपग्रहाला दिसतो तो फक्त वरचा पापुद्रा. वादळाला बळ देणारी उष्णता त्याखालीही साठलेली असते आणि ती मोजायला पाण्यात उतरावंच लागतं. हे काम करतात आर्गो फ्लोट. जगभरच्या समुद्रांत ते सुमारे 4000 आहेत. भारतातर्फे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था ते सोडते. मान्सूनच्या अंदाजालाही ही मोजमापं लागतात. यंदा पावसाचं वाहन बेडूक की गाढव, एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांची गोष्ट वेगळी.

फ्लोट म्हणजे वीस-तीस किलोचं नळकांडं. ते हजार मीटर खोलीवर वाहत राहतं. दर दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरतं आणि तापमान, क्षारता मोजत वर येतं. पण मधेच थांबतं कसं? दगड तर थेट तळ गाठतो.

सगळी गंमत दाबात आहे. पाणी दाबलं जात नाही, असं शाळेत शिकलेलो असतो. पण 2000 मीटरवर, पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे 200 पट दाबाखाली, ते जवळपास एक टक्का आक्रसतं. ॲल्युमिनियमचं नळकांडंही आक्रसतं, मात्र पाण्याहून कमी. त्यामुळे खाली जाताना पाण्याची घनता फ्लोटच्या घनतेपेक्षा भराभर वाढते. दोन्ही जिथे जुळतात तिथे फ्लोट थबकतो. जॉन स्वॅलो या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1955 मध्ये हेच केलं, तेही परांचीचे ॲल्युमिनियमचे नळ कॉस्टिक सोड्यानं झिजवून, हलके करून! आजच्या फ्लोटमध्ये पंप पाव लिटरच्या आसपास तेल बाहेरच्या पिशवीत ढकलतो. वजन तेच, आकारमान वाढलं, की फ्लोट वर निघाला.

म्हणून तयारीत सगळ्यात किचकट काम वजनाचं. टाकीत बुडवून ते ग्रॅमच्या हिशेबात जुळवतात, कारण एका ग्रॅमनंही थांबण्याची खोली काही मीटरनी सरकते. शिवाय फ्लोट कुठे सोडायचा तेही पाहावं लागतं. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर पसरतं. ते इतकं हलकं, की तेल कमी पडलं तर फ्लोट त्याखालीच अडकतो. अँटेना बाहेर येत नाही आणि मोजमापांचा संदेशही उपग्रहाकडे जात नाही.

क्षारता मोजणाऱ्या नळीत शेवाळ धरू नये म्हणून तिच्या तोंडाशी विषारी रसायन बसवतात. जहाजावरून सोडताना त्या नळीची बुचं काढायला कुणी विसरलं, तर पुढे बॅटरी संपेपर्यंत क्षारतेचे आकडे कवडीमोलाचे येतात.