सायलेन्सर मोकळा केल्यावर इंजिनात काय घडते?

मे महिन्यातील एका दुपारी परभणीच्या जिंतूर रस्त्यावरील एका गॅरेजात मिस्त्रींनी १५० सीसी मोटारसायकलचा एक जुना, गंजलेला सायलेन्सर ग्राइंडरने उभा चिरून माझ्यासमोर ठेवला. बाहेरून तो साधे नळकांडे दिसत असला, तरी आत दोन आडव्या पत्र्यांनी पाडलेले तीन कप्पे होते आणि त्या पत्र्यांतून आरपार गेलेल्या, जागोजागी बारीक छिद्रे पाडलेल्या नळ्या होत्या. इंजिनाकडून आलेला वायू थेट शेवटच्या कप्प्यापर्यंत जाई, तेथून उलटा फिरून पहिल्यात येई, मग मधल्या कप्प्यात शिरून शेपटाच्या नळीने बाहेर पडे. पुढचा भाग करडा आणि कोरडा होता. मागचा ओलसर काजळीने माखलेला होता. तळाशी सुईच्या जाडीचे एक छिद्र होते आणि ते चिखलाने बुजले होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गार सायलेन्सरमध्ये त्यातील काही भाग थेंबांच्या रूपाने साचतो आणि तो निथळण्यासाठीच हे छिद्र ठेवलेले असते. ते बुजल्यामुळेच हा सायलेन्सर आतून सडला होता.

शेजारी उभ्या असलेल्या तरुणाने दोन महिन्यांपूर्वी दुसरीकडे आपल्या गाडीची ‘पुंगळी’, म्हणजे सायलेन्सरच्या आतली नळ्या-पत्र्यांची रचना, काढून घेतली होती. तेव्हापासून गाडी खालच्या वेगात ओढत नव्हती, लवकर तापत होती आणि थ्रॉटल (मुठीचा ॲक्सिलरेटर) सोडला की फटाके वाजवत होती. “मामा, आतलं सगळं काढलं म्हणजे गाडी मोकळी व्हायला पाहिजे ना?” हा त्याचा प्रश्न होता. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ध्वनिशास्त्रापासून सुरू होऊन हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरपर्यंत जाते.

इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमधून दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, जळलेला वायू बाहेर फेकला जातो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणारी झडप) उघडतो तेव्हा सिलिंडरमधील दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो, त्यामुळे वायू संथपणे वाहत बाहेर येत नाही. त्याचा धक्का बसतो. सायलेन्सरमधील प्रत्येक कप्पा या धक्क्याचा काही भाग उलटा परतवतो, आणि परतलेल्या लाटा पुढून येणाऱ्या लाटांना अंशतः खोडून काढतात. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एकाच ठरावीक सुरात घुमते. सायलेन्सरचा कप्पाही असाच विशिष्ट सुरांशी बांधलेला असतो, फक्त त्याचे काम तो सूर दाबण्याचे असते. काही सायलेन्सरांत नळीभोवती काचेचे लोकर भरलेले असते. त्याच्या तंतूंमध्ये घर्षण होऊन ध्वनीची उष्णता होते, आणि मुख्यतः वरच्या पट्टीतील चिरका आवाज त्यात विरतो.

मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद, हा समज मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. साडेसात मीटर अंतरावर ९५ डेसिबल भरणारा, घराच्या खिडक्या थरथरवणारा आवाज ध्वनिऊर्जेच्या हिशेबात जेमतेम एका वॅटचा असतो; त्याच वेळी ३५० सीसीचे इंजिन पूर्ण जोरावर साधारण १५,००० वॅट देत असते. आपला कान अत्यंत हळवा असल्यामुळे एवढीशी ऊर्जा त्याला असह्य होते. म्हणून पुंगळी काढल्यावर वाढलेल्या आवाजावरून चाकापर्यंत किती जोर जास्त पोहोचला, याचा काहीही अंदाज बांधता येत नाही.

आता ‘मोकळेपणा’कडे येऊ. सायलेन्सर अडवतो म्हणून इंजिनाला जोर लावून वायू बाहेर ढकलावा लागतो, हे खरेच आहे, आणि मूळ सायलेन्सर आवाजाची मर्यादा पाळण्यासाठी थोडी शक्ती खर्ची घालतो, हेही खरे आहे. परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाही. दाबाचा धक्का गरम वायूतून सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने जातो, आणि नळी जेथे एकदम रुंद होते तेथे पोहोचला की शोषणाची लाट बनून मागे फिरतो. व्हॉल्व्हपासून हे ठिकाण एक मीटरवर असेल, तर जाण्यायेण्यास सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ९००० फेऱ्यांवरील क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) सुमारे २१६ अंश फिरलेला असतो, आणि नेमक्या याच सुमारास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होण्यापूर्वी ताजे मिश्रण आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह उघडू लागतो. त्या क्षणी आलेली शोषणाची लाट उरलेला जळका वायू ओढून बाहेर काढते आणि ताजे मिश्रण आत खेचते. ४५०० फेऱ्यांना हीच लाट १०८ अंशांवर, म्हणजे फार आधी, येऊन पोहोचते आणि वाया जाते. तिच्यामागून दाबाची लाट चुकीच्या वेळी आली, तर ती जळका वायू उलट आत ढकलते. हे गणित ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते: नळीची लांबी, जाडी आणि पहिल्या कप्प्याची जागा बदलली की इंजिन कोणत्या फेऱ्यांना चांगला श्वास घेईल तेही बदलते.

वाळूजला मोटारसायकली बनवणाऱ्या बजाज कंपनीने आपल्या काही गाड्यांच्या बेंड पाइपला (इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीला) इंजिनाजवळच एक छोटी बंद डबी जोडली होती आणि त्या रचनेला ‘एक्झॉस्टेक’ असे नाव दिले होते. कमी फेऱ्यांवर टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढावा, हा तिचा हेतू होता. वायूला जाण्यासाठी त्या डबीतून वाटच नव्हती. तिचे काम केवळ लाटा सांभाळण्याचे होते. मला ही डबी फार मोलाची वाटते, कारण एक्झॉस्ट म्हणजे नुसता धुराचा मार्ग नसतो, हे ती डोळ्यांना दाखवते. आपल्याकडे मागे दुधाचे कॅन बांधून, दोघे बसून खड्ड्यांच्या रस्त्याने जाणारी गाडी बहुतेक वेळ ३००० ते ५००० फेऱ्यांतच चालते, आणि पुंगळी काढल्यावर नेमका याच पट्ट्यातील जोर घटण्याचा संभव असतो. ‘गाडीला बॅक प्रेशर (सायलेन्सरच्या अडथळ्याचा उलटा दाब) लागतेच’ असे गॅरेजात म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या अडथळा इंजिनाला कधीच हवा नसतो. वायूचा वेग आणि लाटांची वेळ त्याला हवी असते, आणि दोन्ही एकदम बिघडल्या की माणसाला वाटते, दाबच कमी पडला.

इंधनाचा हिशेब येथून पुढे चुकतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा मात्र मिश्रण मुद्दाम घट्ट, म्हणजे किलोमागे १२.५ ते १३ किलोच हवा असलेले, ठेवतात, कारण जास्तीचे पेट्रोल हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला आतूनही गार ठेवते. सायलेन्सर बदलल्यावर काही फेऱ्यांना जास्त हवा आत येते. कार्ब्युरेटर हवेच्या वेगानुसार पेट्रोल ओढत असल्याने त्यातील काही वाढ तो सांभाळून घेतो, पण सगळी नाही, आणि मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेले, होते. पूर्ण जोरावर पातळ मिश्रणाने इंजिन तापते, ठोका पडू लागतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जळते. फटाक्यांचे कारणही यातच आहे: थ्रॉटल मिटल्यावर पातळ मिश्रण सिलिंडरमध्ये पेटत नाही, तसेच नळीत जाते आणि सैल जोडातून शिरलेली हवा मिळताच तेथे भडकते.

त्यात इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याच ऊसपट्ट्यातील कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल स्वतः ऑक्सिजन बाळगून असते, म्हणून त्याला किलोमागे सुमारे ९ किलोच हवा पुरते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी योग्य प्रमाण साधारण १३.५ येते. म्हणजे निव्वळ पेट्रोलसाठी जुळवलेला जुना कार्ब्युरेटर काहीही न छेडता आठ टक्क्यांच्या आसपास पातळ चालत असतो. त्यावर पुंगळी काढणे म्हणजे आधीच झिजलेल्या दोरीला आणखी ताण देणे होय.

जुळवणीचा क्रम मिस्त्रींनी करून दाखवला. थ्रॉटल मिटलेला किंवा जरासा उघडा असताना पेट्रोल कार्ब्युरेटरच्या स्लो जेट या बारीक छिद्रातून येते, मधल्या पट्ट्यात ते निडल (थ्रॉटलबरोबर वरखाली होणारी सुई) ठरवते, आणि पाऊण थ्रॉटलच्या पुढे मेन जेटचे राज्य असते. म्हणून खालच्या वेगातील तक्रारीसाठी मेन जेट बदलण्यात अर्थ नसतो. त्यांनी आधी स्पार्क प्लग काढला. त्याच्या टोकाचे चिनी मातीचे टोपण खडूसारखे पांढरे पडले होते, आणि पातळ मिश्रणाची ती खूण होती. काळी काजळी दिसली असती, तर मिश्रण घट्ट म्हटले असते. योग्य जुळवणीत हा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा येतो. प्लगवरून अंदाजच बांधता येतो, नेमके मोजमाप हवे असेल तर एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवून डायनोवर (गाडी जागेवरच चालवून जोर मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी चालवावी लागते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची मानके लागू झाल्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. तेथे ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून इंधन कमीजास्त करतो, पण तेही संथ आणि मध्यम वेगातच. थ्रॉटल पूर्ण उघडला की तो कारखान्यात भरलेल्या इंधनाच्या ठरावीक तक्त्यावर विसंबतो. सैल जोडातून हवा शिरली, तर सेन्सर फसतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. शिवाय पुंगळीबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढला जातो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप असलेली ती मधाच्या पोळ्यासारखी जाळी कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निवळून टाकते. ती काढून फेकणे मला कोणत्याही कारणाने समर्थनीय वाटत नाही. कायद्यालाही ते मान्य नाही: केंद्रीय मोटार वाहन नियमावली १९८९ च्या नियम १२० नुसार सायलेन्सर आवश्यक आहे, आणि ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

त्या तरुणाने घरी जपून ठेवलेला मूळ सायलेन्सर आणला. मिस्त्रींनी नवे गॅस्केट घालून तो बसवला, निडलचे लॉक एक खाच खाली घेऊन निडल तेवढी उचलली आणि मिश्रण किंचित घट्ट केले, कारण पेट्रोल आता इथेनॉलचे आहे. गाडी दोन-तीन किलोमीटर एका वेगाने पळवून, क्लच दाबून, जागीच इंजिन बंद करून पुन्हा प्लग काढला, तेव्हा तो फिकट बिस्किटी झाला होता. मात्र परभणीत मे महिन्यात पारा ४४ अंशांना टेकतो आणि थंडीत पहाटे ७ अंशांपर्यंत उतरतो. तेव्हाची हवा सुमारे १३ टक्क्यांनी दाट असते, आणि तिच्या वाढीच्या निम्म्या प्रमाणातच कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देऊ शकतो, म्हणून थंडीत मिश्रण पुन्हा पातळ होते. “दिवाळी झाली की थंडीत एकदा प्लग दाखवून जा,” असे सांगत मिस्त्रींनी लॉक कोणत्या खाचेवर आहे ते टाकीखाली खडूने लिहून ठेवले.