जुनी विक्रांत, नवी विक्रांत
मुंबईत शाळेच्या सहलीत आपण जिच्यावर चढलो, तीच ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका डागडुजी करून पुन्हा नौदलात आणली, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं नाही. ती जुनी विक्रांत ब्रिटनमध्ये बांधलेली. १९६१ला नौदलात आली, १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली, १९९७ला निवृत्त झाली आणि २०१४मध्ये मुंबईतल्या ‘दारूखाना’ या जहाजं तोडण्याच्या ठिकाणी तोडायला काढली. तिचं थोडं पोलाद तर बजाजच्या मोटरसायकलीत गेलं! २०२२ची विक्रांत कोचीच्या गोदीत मुळापासून बांधलेली, २६२ मीटर लांब. घोळ होतो तो आर-११ या नौकेच्या ओळख-क्रमांकामुळे. नावासोबत तोही जुनाच ठेवलाय.

बुडालेल्या नौकेचं नाव पुन्हा देत नाहीत, हीदेखील थापच. १९७१ला आपल्या नौदलाची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. १९८९ला त्याच नावाची दुसरी दाखल झाली.