संयुक्त बंदूक : निर्जन प्रदेशात तग धरण्यासाठी

एकाच दस्त्यावर आटे पाडलेली रायफलची नळी आणि गुळगुळीत शॉटगनची नळी, अशा किमान दोन नळ्या बसवलेल्या बंदुकीला संयुक्त बंदूक म्हणतात. नळ्या बहुधा एकीवर एक असतात. आपल्याकडच्या दुनळी बंदुकीप्रमाणेच ती बिजागरीवर मोडते आणि काडतुसे मागच्या बाजूने हाताने भरावी लागतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील शिकाऱ्यांत हा प्रकार जुना आहे. तेथे एकाच फेरीत ससा, पक्षी किंवा हरीण यांपैकी काहीही समोर येऊ शकते, म्हणून दोन नळ्यांच्या बंदुकांबरोबर तीन नळ्यांची ‘ड्रिलिंग’ही रूढ झाली. विसाव्या शतकात या रचनेला दुसरा उपयोग मिळाला. बर्फात, वाळवंटात किंवा जंगलात उतरावे लागलेल्या वैमानिकाला मदत येईपर्यंत पोट भरता यावे, यासाठी ती विमानात ठेवली जाऊ लागली.

शिकारीसाठी बंदूक निवडणे आणि तग धरण्यासाठी निवडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकारी हव्या त्या जनावरामागे जातो. अडकलेला माणूस मिळेल ते खातो, आणि त्याला मिळते ते बहुतेक लहान असते : ससा, खार, रानकोंबडीसारखे जमिनीवर वावरणारे पक्षी, पाणपक्षी. बसलेल्या सशाला रायफलची एक गोळी पुरते आणि मांसही वाया जात नाही. पळणाऱ्या सशावर किंवा उडणाऱ्या पक्ष्यावर मात्र छर्ऱ्यांशिवाय नेम साधणे सामान्य माणसाला अशक्यप्राय असते. दोन नळ्यांची गरज एवढ्यातच आली. मोठे जनावर मारणे हा दुय्यम हेतू ठरतो, कारण एकट्या, थकलेल्या माणसाला शेकडो किलो मांस ना वाहता येते, ना टिकवता.

या विचारातून घडलेले सर्वांत नेटके उदाहरण म्हणजे अमेरिकी हवाई दलाची ‘एम-६’. १९५० च्या दशकात इथाका कंपनीने ती बनवली. वर .२२ हॉर्नेट या काडतुसाची रायफल नळी, खाली .४१० बोरची शॉटगन (बोर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप). दोन्ही नळ्या १४ इंची, दस्ता पत्र्याचा, आणि सगळी बंदूक दुमडून जेमतेम १५ इंचांची होई. दस्त्याच्या वरच्या कडेला गाल टेकवण्याचे झाकण होते. ते उघडले की आत हॉर्नेटची नऊ आणि .४१० ची चार काडतुसे ओळीने खोचलेली असत. चापाला भोवती कडे नव्हते, तर चापाऐवजी बोटांनी दाबायची लांब पट्टी होती, कारण जाड हातमोज्यात बोट कड्यात शिरत नाही आणि कडाक्याच्या थंडीत हातमोजा काढला तर बोटे काम करत नाहीत. कोणती नळी उडवायची ते घोड्यावरचे बटण वर किंवा खाली सरकवून ठरे. दिसायला ओबडधोबड असलेल्या या बंदुकीतला प्रत्येक तुकडा गारठलेल्या, कदाचित जखमी माणसाचा विचार करून घडवला आहे. निवड करणाऱ्याने आधी हीच बंदूक अभ्यासावी. नागरिकांसाठी पुढे निघालेल्या आवृत्त्यांच्या नळ्या १८ इंची ठेवाव्या लागल्या, कारण अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने त्याहून आखूड नळीच्या शॉटगनवर कडक नोंदणीचे बंधन आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला जर्मन हवाई दलाची ‘एम-३०’ ड्रिलिंग येते. दुसऱ्या महायुद्धात सावर अँड सोन कंपनीने ती पुरवली : दोन बारा बोर नळ्या (.४१० हे माप इंचांत असते, बारा किंवा वीस बोरमध्ये मात्र आकडा लहान तितकी नळी रुंद) आणि खाली ९.३ मिलिमीटरची ताकदवान रायफल नळी. उत्तर आफ्रिकेवरून उडणाऱ्या वैमानिकांसाठी ती अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत दिली जाई. कारागिरी अप्रतिम, पण वजन, किंमत आणि काडतुसांचा बोजा पाहता ती शिकारखान्यातली बंदूक होती. तहानलेल्या वैमानिकाला वाळवंटात तिचा फारसा उपयोग नव्हता.

सोव्हिएत अंतराळवीरांच्या ‘टीपी-८२’ पिस्तुलाची गोष्ट वेगळी आहे. १९ मार्च १९६५ रोजी पावेल बेल्यायेव आणि अलेक्सी लिओनोव यांचे वोसखोद-२ यान ठरलेल्या ठिकाणापासून शेकडो किलोमीटर दूर, उरल भागातील पर्मच्या बर्फाळ जंगलात उतरले. आदल्याच दिवशी लिओनोव अंतराळात चालणारा पहिला माणूस ठरला होता. दोघांनी त्या जंगलात दोन रात्री काढल्या. लांडगे आणि अस्वले असलेल्या त्या भागात हाताशी फक्त पिस्तूल होते, आणि ते अपुरे आहे हे लिओनोव यांनी पुढे ठासून मांडले. त्यातून तीन नळ्यांचे हे पिस्तूल आले : वर शेजारी-शेजारी १२.५ मिलिमीटरच्या दोन गुळगुळीत नळ्या, खाली ५.४५ मिलिमीटरची आटे पाडलेली नळी. गुळगुळीत नळीतून छर्रे आणि इशाऱ्याचा ज्योतबाण, दोन्ही उडवता येत. काढता येणारा दस्ता म्हणजे म्यानात घातलेला कोयताच होता. १९८६ पासून सुमारे वीस वर्षे ते सोयुझ यानांच्या संचात होते. राकेश शर्मा यांचे उड्डाण त्याआधीचे, एप्रिल १९८४ चे. गगनयानासाठी निवडलेल्या चार भारतीय वैमानिकांनी २०२० मध्ये रशियात घेतलेल्या प्रशिक्षणात हिवाळ्यातील जंगलात तग धरण्याचा सराव होता, तो याच जातीच्या संकटासाठी.

बोर निवडताना काडतुसांचे वजन आधी पाहावे. एक किलो वजनात ‘.२२ लाँग रायफल’ या नावाची लहान काडतुसे अडीचशेहून अधिक बसतात, बारा बोरची जेमतेम वीस-बावीस. हॉर्नेटच्या गोळीचा वेग लाँग रायफलच्या दुपटीहून अधिक असतो, त्यामुळे पल्ला वाढतो. पण लहान जनावराचे मांस तिने फाटते, काडतूस महाग पडते आणि आवाजही मोठा होतो. शॉटगनच्या बाजूला .४१० हलकी असली तरी तिच्या अडीच इंची काडतुसात फक्त १४ ग्रॅमच्या आसपास छर्रे मावतात. वीस-पंचवीस मीटरपलीकडे छर्ऱ्यांचा फेर विरळ होतो आणि पक्षी जखमी होऊन निसटतो. नवख्याच्या हाती ती फसवी आहे. वीस बोरच्या काडतुसात सुमारे २५ ग्रॅम छर्रे असतात, धक्काही सोसण्याजोगा असतो. म्हणून .२२ लाँग रायफलवर वीस बोर ही जोडी सर्वांत समतोल मानावी. अमेरिकेतील सॅवेज कंपनीच्या ‘मॉडेल २४’ मध्ये ती मिळत असे. तिचे ‘२४-सी’ हे आखूड रूप खास तंबूत राहणाऱ्यांसाठी होते आणि त्याच्या दस्त्यात काडतुसे ठेवायची सोय होती. अस्वलांच्या प्रदेशात मात्र ही जोडी पुरत नाही. तेथे बारा बोरमधून उडणारी एकसंध शिशाची गोळी हवी, आणि तरीही हातात दोनच बार असतात हे विसरता येत नाही. स्वसंरक्षण हाच मुख्य हेतू असेल तर संयुक्त बंदूक घेऊच नये.

जुनी बंदूक घेताना बिजागरी बंद केल्यावर नळ्या हलतात का, हे पाहावे. घोडा उघडा असेल तर तो गार, ओल्या अंगठ्याने चढवता येतो का, तेही तपासावे. दोन्ही नळ्यांचा नेम एकाच माशीवर (नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेल्या उंचवट्यावर) क्वचितच जुळतो. रायफलची गोळी नेमकी लागत असताना छर्ऱ्यांचा फेर एक वीत वर किंवा खाली पडत असतो. कागदावर दोन्ही नळ्या उडवून हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय ती संचात ठेवू नये. नळी निवडण्याचे बटण हा सर्वांत मोठ्या चुकीचा उगम आहे : घाईत हमखास नको ती नळी उडते. त्यावर सराव हा एकच उपाय आहे.

संचात बंदुकीचा क्रम पहिला नसतो. अलास्कात विमानातील आपत्कालीन साहित्याच्या कायदेशीर यादीत एकेकाळी बंदूक सक्तीची होती. पुढे ती सक्ती गेली. अन्न, कुऱ्हाड, सुरी, आग पेटवण्याचे साधन आणि मासे धरायचे गळ मात्र यादीत राहिले. फासे आणि गळ रात्रभर आपोआप काम करतात, बंदुकीमागे माणसाला चालावे लागते आणि चालण्यात अंगातली ऊब खर्च होते. शिवाय नुसत्या सशांवर कोणी जगत नाही. चरबीविना निव्वळ मांस खात राहिल्यास हगवण लागते, अशक्तपणा येतो, आणि पोट भरूनही माणूस खंगत जातो. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात फासे लावून शिकार करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

भारतात या प्रकाराला वाव जवळजवळ नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आहे. जिवावर बेतले असता सद्‌हेतूने केलेल्या बचावाला त्या कायद्यात सूट आहे, भुकेसाठी केलेल्या शिकारीला नाही. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दिसणाऱ्या बंदुकाही ठासणीच्या किंवा बारा बोरच्या असतात.