अफूजन्य व्यसनावरील औषधोपचार (खानदेश)

अफू, गर्द (हेरॉइनची भुकटी), कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांपैकी कशाचेही व्यसन जडलेल्या माणसाला त्याच जातकुळीचे पण सुरक्षित औषध ठरावीक मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्याची उपचारपद्धती. सरकारी कागदांत तिला ‘ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी’ किंवा नुसते ‘ओएसटी’ म्हणतात. भारतात प्रामुख्याने ब्युप्रेनॉर्फिन वापरतात. मेथाडोनचे सिरप २०१२ पासून निवडक केंद्रांत मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही २००५ पासून आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांचा विचार करताना खरी अडचण दिसते ती औषध रोज रुग्णापर्यंत पोचण्याची.

उपचाराची रीत साधी आहे. गर्द बंद करून साधारण बारा ते चोवीस तास झाले, नाक गळू लागले, अंग मोडून आले, जांभयांवर जांभया येऊ लागल्या (नशा करणारे याला ‘टर्की’ म्हणतात) की पहिली गोळी द्यायची. त्याआधी दिली तर हाच त्रास एकदम उसळतो, आणि असा अनुभव आलेला माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. गोळी जिभेखाली विरघळवायची असते. गिळली तर बहुतेक वाया जाते. केंद्रात ती चुरून देतात आणि पाच-दहा मिनिटे समोर बसवून घेतात. ‘हाई गोयी जीभखाले ठेव, गियू नको,’ एवढे अहिराणीत सांगणारी परिचारिका असली तर अर्धे काम होते. औषधाचा अंमल दिवसभर टिकतो, तलफ शमते, पण एका मर्यादेपुढे नशा वाढत नाही. माणूस कामावर जाऊ शकतो, आणि हेच या उपचाराचे मोल आहे.

‘एक व्यसन सोडवून दुसरे लावता,’ हा आक्षेप घरचे लोक घेतात आणि काही डॉक्टरही. तो चुकीचा आहे, आणि जिवावर बेतणारा आहे. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून, औषधाविना नुसत्या निग्रहाने गर्द सोडलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर पडल्यावर त्याने जुन्या मात्रेत एकदा जरी घेतले, तरी श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. औषध चालू असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी राहते. मधुमेहाच्या गोळीला कोणी व्यसन म्हणत नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूजन्य पदार्थांच्या त्रासासाठी मदतीची गरज होती. खानदेशाचे स्थान या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे. अफूची परवानाधारक शेती होणारा माळवा इथून दूर नाही. आग्रा-मुंबई महामार्ग तिकडूनच सेंधव्याचा घाट उतरून शिरपूरमार्गे धुळ्याला येतो आणि तिथे सुरत-नागपूर रस्त्याला छेदतो. लांब पल्ल्याच्या ट्रकवर झोप आणि अंगदुखी मारायला अफू किंवा डोडा (अफूच्या बोंडांचा भुसा) घेण्याची सवय जुनी आहे. धुळे-मालेगाव पट्ट्यात बदनाम झालेली ‘कुत्ता गोळी’ मात्र वेगळी: ती अल्प्राझोलाम, अफूच्या कुळातली नव्हे. तिच्यावर ब्युप्रेनॉर्फिन हा उपाय नाही, उलट दोन्ही एकत्र घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. म्हणून रुग्ण नेमके काय घेतो हे आधी विचारावेच लागते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ही सेवा २००७-०८ च्या सुमारास आली ती सुईने नशा करणाऱ्यांसाठी. ओढणारा, गिळणारा किंवा सिरप पिणारा त्या चौकटीत बसत नाही. शिवाय रोज केंद्रात येण्याची अट. धडगावच्या माणसाने चांदसैलीचा घाट उतरून रोज नंदुरबार गाठायचे म्हणजे मजुरी बुडवायची. पावसाळ्यात त्या घाटात दरडी कोसळतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत पहाटे घड कापायला जाणाऱ्याला सकाळी उघडणारा बाह्यरुग्ण विभाग उपयोगाचा नाही. २०२० च्या टाळेबंदीत काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा देण्यात आली होती. खानदेशासारख्या मुलखात हाच नियम असायला हवा.

फ्रान्सने १९९५ मध्ये साध्या डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मोकळीक दिली आणि चार वर्षांत अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. अमेरिकेने त्यासाठी लागणारा वेगळा परवाना २०२२ च्या अखेरीस रद्द केला. आपल्याकडे तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या मनोविकार विभागांनी उपचार सुरू करून पुढच्या गोळ्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून देणे हा जवळचा मार्ग आहे.

कायद्याची भीती हाही मोठा अडसर. पण अमली पदार्थ कायद्याचे (१९८५) कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देते, आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा व्यसनाच्या आजारालाही लागू आहे. गावातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक असते. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही ‘टेली-मानस’ची दूरध्वनी सेवा आहे.

स्थलांतराचा विचार तर वेगळाच करावा लागतो. नंदुरबारची कितीतरी कुटुंबे मुकादमाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि काही महिने फडावरच राहतात. त्यांतल्या रुग्णाला निघताना तिकडच्या केंद्राच्या नावाची चिठ्ठी आणि वाटेपुरत्या गोळ्या मिळाल्या नाहीत, तर पहिल्याच आठवड्यात टर्की सुरू होते.