टेक अधिकाऱ्यांचं दुसऱ्या कंपन्यांमधलं संचालकपद

टेक कंपनीचा सीईओ किंवा तसाच कुणी मोठा अधिकारी आपलं काम सांभाळून भलत्याच कंपनीच्या संचालक मंडळावर बसतो, ही पद्धत अमेरिकेत चांगलीच रुळलेली आहे. टिम कुक २००५ मध्येच नाइकीच्या बोर्डावर आले, म्हणजे ॲपलचे सीईओ व्हायच्या आधी, आणि मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला २०१७ ते २०२४ स्टारबक्सच्या बोर्डावर होते.

बूट किंवा कॉफी विकणाऱ्या कंपनीला हे लोक का लागतात? कारण त्यांचाही धंदा आता ॲप, डेटा आणि क्लाउडवर चालतो, आणि मॅनेजमेंट एखाद्या सिस्टिमवर मोठा खर्च मागते तेव्हा नेमके प्रश्न विचारू शकेल असं कुणीतरी बोर्डात असावं लागतं. बाहेरचा संचालक तिथला नोकर नसतो आणि रोजचा कारभारही बघत नाही, सीईओ नेमणं-काढणं, त्याचा पगार ठरवणं, हिशोबावर आणि मोठ्या सौद्यांवर नजर ठेवणं हे बोर्डाचं काम. मोबदला साधारण थोडी रोख फी आणि बाकी शेअर्स असा मिळतो.

खरी अडचण हितसंबंधांची. सगळ्यात बोलकं उदाहरण एरिक श्मिट यांचं. गूगलचे सीईओ असताना ते ऑगस्ट २००६ मध्ये ॲपलच्या बोर्डावर आले, तेव्हा अँड्रॉइड गूगलने घेतलेलं होतं पण बाजारात त्याचा फोन नव्हता. २००७ मध्ये आयफोन आला, पुढच्याच वर्षी पहिला अँड्रॉइड फोन आला, आणि मग आयफोनचा विषय निघाला की श्मिट यांना मीटिंगमधून उठून बाहेर जावं लागायचं. पुढे गूगलच्या क्रोम ओएस या कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमची घोषणा झाली, म्हणजे बाहेर थांबायचे विषय अजून वाढणार, आणि ऑगस्ट २००९ मध्ये ते बोर्डावरून गेले. असं बाहेर जाणं हा नियमात बसणारा उपाय आहे खरा, पण माझ्या मते तो अर्धाच, कारण निम्मा अजेंडा ज्याला ऐकता येत नाही तो संचालक शेअरहोल्डरांच्या काय कामाचा? त्याच सुमाराला दोन्हीकडच्या बोर्डांवर असलेल्या आर्थर लेव्हिन्सन यांनीही गूगलचं बोर्ड सोडलं. अमेरिकेत १९१४ च्या क्लेटन कायद्याचं कलम ८ आहे, काही सवलती सोडल्या तर एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांवर एकाच माणसाने बसायला त्यात बंदी आहे, आणि २००९ मध्ये तिथलं फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणारी सरकारी संस्था, याच मुद्द्यावर ॲपल-गूगलची चौकशी करत होती.

गंमत म्हणजे स्पर्धा नेमणुकीच्या वेळी असेलच असं नाही, ती मागाहूनही उगवते. फेसबुकच्या शेरिल सँडबर्ग आणि ट्विटरचे जॅक डॉर्सी डिस्नीच्या बोर्डावर आले तेव्हा डिस्नी म्हणजे सिनेमे, चॅनल आणि थीम पार्क, पण पुढे डिस्नी स्वतः स्ट्रीमिंगमध्ये उतरायला निघाली, फेसबुक-ट्विटरवरही व्हिडिओ वाढले आणि २०१८ मध्ये दोघंही बोर्डावरून बाहेर पडले.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मीटिंगा वर्षातून मोजक्याच असतात, पण प्रत्येकीच्या आधी कागदांचा जाडजूड गठ्ठा येतो, शिवाय ऑडिटसारख्या समित्या वेगळ्या, आणि कंपनी संकटात सापडली किंवा विकायला निघाली की रोजचे फोन सुरू होतात. डॉर्सी तर डिस्नीवर असताना ट्विटर आणि स्क्वेअर अशा दोन कंपन्यांचे सीईओ होते! शेअरहोल्डरांना मतदानाचा सल्ला देणारी आयएसएस ही संस्था म्हणूनच चालू सीईओने स्वतःची कंपनी सोडून फार तर दोन लिस्टेड कंपन्यांच्या बोर्डावर असावं असं धरते, त्यापुढे गेलं तर बाहेरच्या बोर्डांवर त्याला मत देऊ नका असा सल्ला देते.