ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंशोधन : उच्च शिक्षणासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

या क्षेत्रात उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्याने अर्ज भरायला घेण्यापूर्वी एक निर्णय पक्का करावा : आपल्याला संगीत मुद्रित करायचे आहे, की आवाजाचा आणि श्रवणाचा शास्त्रीय अभ्यास करायचा आहे. दोन्ही अर्जांत मागितली जाणारी कागदपत्रे बरीचशी सारखी असली, तरी निवड समिती त्यांत निरनिराळ्या गोष्टी शोधते.

ध्वनिमुद्रणाच्या नामांकित अभ्यासक्रमांत वाद्यवादनाची किंवा गायनाची तयारी गृहीत धरलेली असते. जर्मनीतील डेटमोल्ड येथील टोनमायस्टर (संगीत आणि तंत्रज्ञान दोन्ही जाणणारा ध्वनिमुद्रक) अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेत वादनाबरोबर स्वरज्ञानही तपासले जाते. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या टोनमायस्टर पदवीत विद्यार्थ्याला एक वर्ष प्रत्यक्ष व्यवसायात काम करता येते. तर कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशापूर्वी काही पूर्वतयारीचे विषय पूर्ण करावे लागतात. संशोधनासाठी मात्र अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, गणित किंवा संगणकशास्त्राची पदवी अधिक उपयोगी पडते, आणि सिग्नल प्रोसेसिंग (ध्वनीसारख्या संकेतांवर संगणकाने करायची प्रक्रिया) व प्रोग्रॅमिंग येत असल्याचा पुरावा लागतो.

गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र, पारपत्र आणि कार्यपरिचय यांत अडचण सहसा येत नाही. आयईएलटीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल मात्र दोनच वर्षे ग्राह्य असतो, म्हणून परीक्षेची तारीख अर्जाच्या मुदतीशी ताडून पाहावी. शिफारसपत्रे साधारणपणे दोन किंवा तीन लागतात. ज्यांनी आपले काम जवळून पाहिले आहे अशा शिक्षकाचे पत्र केवळ मोठ्या नावाच्या पत्रापेक्षा निश्चितच उपयुक्त ठरते.

खरी कसोटी लागते ती कामाच्या नमुन्यांत. नमुने थोडे असावेत, पण प्रत्येकासोबत एक टिपण असावे : मुद्रण कोठे झाले, कोणते मायक्रोफोन कोठे आणि किती अंतरावर ठेवले, मुद्रण, मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवणे) व मास्टरिंग (तयार मिश्रणावर शेवटचा हात फिरवणे) यांपैकी नेमके काय स्वतः केले. फक्त मिक्सिंग केले असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात. फाइल एमपी३ ऐवजी गुणवत्ता न घटवणाऱ्या २४ बिट वेव्ह स्वरूपात तयार ठेवावी, अर्थात संस्थेने वेगळे स्वरूप मागितले नसेल तर. मास्टरिंगमध्ये आवाज अकारण चढवू नये. आवाज चढवताना दबून सपाट झालेला तबल्याचा किंवा ड्रमचा आघात जाणत्या कानाला लगेच कळतो. कलाकारांची लेखी संमतीही जवळ असावी.

पीएचडीच्या अर्जात या नमुन्यांची जागा संशोधन आराखडा घेतो. ‘मला ध्वनीची आवड आहे’ एवढ्याने भागत नाही. गजबजाटात बोलणे समजण्यावर खोलीतील प्रतिध्वनीचा काय परिणाम होतो, यासारखा मोजता येईल असा प्रश्न, तो तपासण्याची पद्धत आणि त्यावर आधी झालेले काम एवढे त्यात यायला हवे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील डिजिटल संगीत केंद्र किंवा बार्सिलोनातील पोंपेउ फाब्रा विद्यापीठाचा संगीत तंत्रज्ञान गट अशा ठिकाणी अर्ज करण्यापूर्वी संभाव्य मार्गदर्शकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचून त्यांना थोडक्यात पत्र लिहावे, आणि त्यांच्या उत्तरानुसार आराखडा सुधारून मगच अर्ज दाखल करावा.